कपॅसिटर सातपूरचा, लाट म्युनिकची!

नाशिकमध्ये काय काय तयार होतं असं कोणी विचारलं तर आपण धडाधड सांगतो. द्राक्षं, वाईन, नाशिकरोडला नोटा, ओझरला सुखोई. इंजिनीअरिंगवाला असेल तर पुढे सातपूर-अंबडचे कारखानेही मोजून दाखवेल. या यादीत एक नाव मात्र आपण नेहमी घाईघाईने उरकतो, ते म्हणजे सातपूर एमआयडीसीतली एपकॉस, म्हणजेच आताची टीडीके इंडिया. "हो, तिथे कपॅसिटर बनतात" एवढं म्हणून आपण पुढे जातो.

बरोबर आहे, तिथे कपॅसिटरच बनतात. फिल्म कपॅसिटर. चांगले बनतात, जगभर जातात. पण मित्रांनो, हे नाव जगात प्रसिद्ध झालं ते फक्त कपॅसिटरमुळे नव्हे. सिमेन्स आणि मात्सुशिता यांनी 1989 मध्ये एकत्र येऊन काढलेली ही जर्मन कंपनी 1999 मध्ये एपकॉस झाली. मोबाईलची लाट आली तेव्हा सॉ फिल्टर बनवणाऱ्या जगातल्या अगदी आघाडीच्या कंपन्यांमध्ये ती होती. 2008-09 मध्ये ती जपानच्या टीडीकेने घेतली. 2016 मध्ये टीडीके आणि क्वालकॉम यांनी सॉ फिल्टरच्या धंद्यासाठी वेगळी भागीदारी जाहीर केली आणि 2019 मध्ये क्वालकॉमने तो धंदा पूर्ण आपल्याकडे घेतला. का घेतला? कारण या चिमुकल्या फिल्टरशिवाय मोबाईल नुसता खोका आहे.

आणि हे फिल्टर बनत होते कुठे? म्युनिक, सिंगापूर आणि चीनमधलं वूशी. पाटी तीच, पण सातपूरला कपॅसिटर आणि तिकडे लाटा! याचं मला वाईट वाटतं, असं नाही. कुठली वस्तू कुठे बनवायची हे कंपनी ठरवते. माझा प्रश्न वेगळा आहे. उद्या समजा कोणी म्हणालं, "चला, हे काम नाशिकला आणतो, माणसं द्या," तर आपण देऊ शकतो का? माझं स्पष्ट मत आहे की आज नाही देऊ शकत. आणि त्याचं कारण पैसा नाही, मशीन नाही, आपण स्वतः आहोत.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू.

सॉ म्हणजे सरफेस अकूस्टिक वेव्ह. मराठीत सरळ पृष्ठभागावरून जाणारी ध्वनिलाट म्हणू. ही लाट आपल्याला अजिबात नवीन नाही. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेत आणि 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत जमीन हलली, तेव्हा जमिनीच्या पाठीवरून याच जातीच्या लाटा गेल्या. लॉर्ड रॅले यांनी 1885 मध्ये गणित मांडून दाखवलं की घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटून जाणारी लाट असू शकते. खोलात गेलात की ती विरते, सगळा जोर वरच्या थरात असतो.

दुसरा धागा क्युरी बंधूंचा. 1880 मध्ये त्यांनी दाखवलं की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्यावर वीजभार तयार होतो. उलटंही होतं, म्हणजे व्होल्टेज दिलं की स्फटिक किंचित ताणला जातो. हाच पीझोइलेक्ट्रिक परिणाम. गॅसच्या लायटरमध्ये आपण रोज वापरतो तो.

हे दोन धागे 1965 मध्ये अमेरिकेत व्हाइट आणि व्होल्टमर या दोघांनी जुळवले. त्यांनी पीझो स्फटिकावर धातूच्या बारीक पट्ट्या बसवल्या, दोन कंगवे एकमेकांत अडकवावेत तशा. एका कंगव्याला प्लस, दुसऱ्याला मायनस. सिग्नल दिला की दातांमधला स्फटिक ताणतो-आकसतो आणि पृष्ठभागावर लाट सुटते. ज्या लाटेची लांबी दातांच्या अंतराशी जुळते तीच जोरात उठते, बाकीच्या मरतात. झाला फिल्टर! कॉइल नाही, कपॅसिटर नाही. नुसता स्फटिक आणि त्यावर आखलेल्या रेघा.

खरी गंमत आकारात आहे. 900 मेगाहर्ट्झची रेडिओ लाट हवेत सुमारे 33 सेंटीमीटर लांब असते. तीच स्फटिकावर आवाज होऊन गेली की वेग सेकंदाला साधारण 4,000 मीटर, म्हणजे लांबी फक्त 4.4 मायक्रॉन. पंच्याहत्तर हजार पट लहान! म्हणून जो फिल्टर डब्याएवढा झाला असता तो तांदळाच्या दाण्यापेक्षा छोटा होतो. कंगव्याचा एक दात एक मायक्रॉनच्या आसपास. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, म्हणजे बघा.

जुन्या रंगीत टीव्हीत पाच पायांचा एक चपटा भाग असायचा. टीव्ही दुरुस्तीवाले काका त्याला बिनदिक्कत "सॉ फिल्टर" म्हणायचे. म्हणजे मेन रोडच्या गल्लीतल्या मेकॅनिकला जो शब्द माहीत होता तो आपल्याला थर्ड इयरपर्यंत भेटत नाही. आपल्या डोक्यात फिल्टर म्हटलं की आर, एल, सी, ऑप-अँप, बटरवर्थ आणि चेबिशेव्ह. संपलं.

आता मूळ मुद्दा. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जाड इलेक्ट्रोडची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पटणार नाही.

पुस्तकात हा कंगवा काढतात तेव्हा दातांना जाडीच नसते. कागदावरची रेघ. धातूचं काम फक्त व्होल्टेज पोचवणं, लाट काय ती स्फटिकाची. प्रत्यक्षात धातूला वजन असतं. लाट त्याच्याखालून जाते तेव्हा तिला ते वजनही हलवावं लागतं, म्हणून ती मंदावते. बरीच वर्षं डिझाइन करणारे याकडे कटकट म्हणूनच बघायचे. धातू पातळ ठेवा, हिशेबात थोडी दुरुस्ती करा आणि सोडून द्या.

पण मोबाईलच्या फिल्टरला साधी रॅले लाट पुरत नाही. त्यासाठी लिथियम टँटलेट किंवा लिथियम नायोबेट या स्फटिकांवरची दुसऱ्या प्रकारची लाट वापरतात. तिच्यात पृष्ठभाग आडवा, डावी-उजवीकडे हलतो. ही लाट वेगवान असते आणि विजेशी तिचं नातं घट्ट असतं, म्हणून फिल्टर रुंद पट्ट्याचा करता येतो. पण तिच्यात एक खोड आहे. ती गळते. इंग्रजीत तिला लीकीच म्हणतात, आपण गळकी लाट म्हणू.

गळते का? ओझरचं विमान आठवा. आवाजापेक्षा वेगात गेलं की ते मागे धक्क्याची लाट सोडत जातं, त्यात ऊर्जा जाते. तसंच इथे. स्फटिकाच्या पोटातून जाणारी एक मंद लाट असते. पृष्ठभागावरची लाट तिच्यापेक्षा वेगात पळते, म्हणून पळता पळता आपली ऊर्जा खाली पोटात सोडत जाते. फिल्टरमधून सिग्नल कमी बाहेर येतो आणि तुमच्या मोबाईलची बॅटरी उगाच खर्च होते.

यावर पहिला उपाय म्हणजे स्फटिक अशा कोनात कापायचा की गळती कमीत कमी होईल. लिथियम टँटलेटसाठी 36 अंशांचा काप प्रसिद्ध होता. पण तो कोन निघाला होता धातूची जाडी बाजूला ठेवून. 1997 च्या सुमारास जपानमध्ये हाशिमोतो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की खऱ्या जाडीचे इलेक्ट्रोड धरले तर उत्तम कोन 42 अंशांच्या आसपास येतो. ज्या जाडीला सगळे किरकोळ समजत होते तिने स्फटिक कापायचा कोनच बदलून टाकला!

दुसरा उपाय याहून धाडसी. लाट वेगात पळते म्हणून गळते ना? मग तिला मंद करा, इतकी की पोटातल्या लाटेपेक्षाही हळू जाईल. मग गळायला वावच राहणार नाही. आणि मंद कशी करायची? तर वजन टाकून. म्हणजे जी कटकट होती तीच औषध! अॅल्युमिनियम हलकं पडतं, त्याची घनता 2.7. तांब्याची 8.96, सोन्याची 19.3. जड धातूचे जाड इलेक्ट्रोड घातले की लाट त्यांच्याखाली अडकते, जणू धातूच तिला वाट दाखवतो.

याचंही मूळ भूकंपातच आहे. ऑगस्टस लव्ह यांनी 1911 मध्ये दाखवलं की कठीण खडकावर मऊ, मंद थर असेल तर आडवी हलणारी लाट त्या थरात कोंडली जाते. आपल्याकडे काळ्या मातीखाली बसाल्ट आहेच की. फिल्टरमध्ये स्फटिक म्हणजे बसाल्ट आणि तांबं म्हणजे काळी माती, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि जाड तांब्याचा आणखी एक फायदा आहे, तो आपल्या जिल्ह्याच्या हवामानाच्या उदाहरणाने सांगतो. थंडीत निफाडला पारा 4 अंशांवर येतो, उन्हाळ्यात मालेगावला 44 वर जातो. फरक 40 अंशांचा. लिथियम टँटलेटचा साधा फिल्टर अंशामागे दशलक्षात साधारण 40 भाग सरकतो. गुणाकार करा, 1800 मेगाहर्ट्झला फिल्टर जवळपास 3 मेगाहर्ट्झ हलला. आपल्या 4जीच्या 1800 च्या पट्ट्यात पाठवायचा पट्टा 1785 ला संपतो आणि ऐकायचा 1805 ला सुरू होतो. मध्ये जागा फक्त 20. त्यात फिल्टरच्या कडेला उतरायलाही जागा हवी आणि कारखान्यातला फरकही त्यातच बसवायचा. तिथे 3 मेगाहर्ट्झ फुकट घालवणं परवडत नाही.

यावर इलाज म्हणजे वरून सिलिकॉन ऑक्साइडचा, म्हणजे काचेचा थर द्यायचा. तापमान वाढलं की बहुतेक पदार्थ मऊ पडतात, ही काच उलट ताठ होते, त्यामुळे सरकणं सावरलं जातं. पण अॅल्युमिनियमच्या दातांवर काच भरली तर पंचाईत होते. काचेची घनता 2.2, अॅल्युमिनियमची 2.7. लाटेला दोन्ही सारखेच वाटतात, दात तिला दिसतच नाहीत, आणि दातांवरून परावर्तन झालं नाही तर फिल्टर कसला? तांबं मात्र काचेत बुडवलं तरी लाटेला ठळक दिसतं. मुराता कंपनीत कादोता आणि सहकाऱ्यांनी 2000 च्या दशकात तांब्याचे इलेक्ट्रोड आणि वर सपाट केलेली काच अशी रचना करून तापमानाला न डगमगणारे मोबाईल फिल्टर करून दाखवले.

अर्थात फुकट काहीच नसतं. लाट मंद झाली की त्याच फ्रिक्वेन्सीसाठी दात आणखी बारीक हवेत. वेग 4,000 वरून 3,400 झाला तर 1800 मेगाहर्ट्झला दात 0.56 मायक्रॉनवरून 0.47 वर येतो. वर तो जाडही हवा, म्हणजे बारीक आणि उंच, उभ्या भिंतीसारखा. शिवाय आता फ्रिक्वेन्सी धातूच्या जाडीवर ठरते, म्हणून जाडीत जरा चूक झाली की फिल्टर घसरला. त्यामुळे हे काम हातखंडा असलेल्या माणसांचंच आहे.

एवढं सगळं का सांगितलं? कारण यात सगळ्यात लहान ट्रान्झिस्टर बनवायची शर्यत नाही, हजारो कोटींची सिलिकॉन फॅब नाही. एक स्फटिक, एक-दोन मास्क, धातूचा थर आणि अर्ध्या-एक मायक्रॉनच्या रेघा. कठीण आहे, पण कठीणपणा समजुतीचा आहे. पदार्थ, यंत्रशास्त्र, वीज आणि गणित एकाच माणसाच्या डोक्यात असावं लागतं. जगात दरवर्षी अब्जावधी फिल्टर लागतात आणि एका स्मार्टफोनमध्येच डझनावारी असतात. आपण मात्र "चिप म्हणजे तैवान, आपला काय संबंध" म्हणून मोकळे.

सरकारने मार्च 2025 मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी 22,919 कोटींची योजना मंजूर केली. चांगलं झालं. पण पैशाने शेड उभी राहते, मशीन येतं. मशीनसमोर उभं राहून "आज फ्रिक्वेन्सी का सरकली?" याचं उत्तर द्यायला माणूस लागतो. तो कुठून येणार? आपल्याच बॅचमधून यायला हवा ना?

आणि आपली बॅच काय करते? फायनल इयरचं प्रोजेक्ट रेडिमेड मिळतं कुठे याची चौकशी थर्ड इयरलाच सुरू. एन्कोडर-डीकोडरच्या दोन चिपा, 433 मेगाहर्ट्झचं ट्रान्समिटर मोड्यूल आणि एक रिले, झालं "वायरलेस होम ऑटोमेशन". व्हायवाला विचारतात फायदे आणि उपयोग. त्या मोड्यूलवर गोल पत्र्याची टोपी असते, तिच्यात काय आहे हे ना आपण विचारतो, ना आपल्याला कोणी विचारतं. तर ऐका, त्या टोपीत सॉ रेझोनेटर असतो! म्हणजे पन्नास-शंभर रुपयांत ही लाट आपल्या ड्रॉवरमध्ये पडलेली आहे आणि आपण विचारतोय की संधी कुठे आहे.

काही मित्र म्हणतील, "सॉ जुनं झालं, आता बॉ आणि एफबारचा जमाना आहे." वरच्या फ्रिक्वेन्सीला हे खरं आहे, तिथे पोटातली लाट वापरणारे फिल्टर चालतात. पण 850, 900, 1800 हे आपले पट्टे अजून बहुतांशी सॉच्याच घरचे. आणि पीझो लाटेचं शास्त्र कळलेल्या माणसाला बॉ शिकायला किती वेळ लागेल? शिकलेलं वाया जात नाही.

दुसरे म्हणतील, "आपल्याकडे क्लीन रूम कुठे आहे?" हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. क्लीन रूम नाही, पण आयआयटी मुंबईच्या नॅनोफॅब्रिकेशनच्या सोयी बाहेरच्या कॉलेजांना वापरता याव्यात म्हणून इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम सुरू झाला. नाशिक ते पवई म्हणजे सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडून जाण्याचं अंतर. शिवाय सुरुवातीला क्लीन रूम लागतच नाही. तीन गोष्टी आजपासून करता येतील.

एक. ती 433 ची टोपी हळूच कापून आतली चिप मायक्रोस्कोपखाली ठेवा. क्वार्ट्झवर लाटेचा वेग सेकंदाला साधारण 3,158 मीटर, म्हणजे लांबी सुमारे 7.3 मायक्रॉन आणि दात 1.8 मायक्रॉनचा. बायोलॉजीच्या लॅबमधल्या 400 पटीच्या मायक्रोस्कोपखाली ते रांगेत उभे दिसायला हवेत. पुस्तकातली आकृती डोळ्यांनी बघणं वेगळंच असतं.

दोन. अंदाजावर न राहता मॉडेल करा. धातूची जाडी शून्य धरा, मग वाढवा, मग अॅल्युमिनियमऐवजी तांबं घाला आणि लाटेचा वेग कसा उतरतो ते काढा. कॉम्प्युटर आहे, सॉफ्टवेअर शिकता येतं, फक्त चिकाटी हवी. असं एक प्रोजेक्ट दहा रिले-प्रोजेक्टपेक्षा मोठं आहे, मार्क किती मिळतील ते माहीत नाही.

तीन. इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो की सरांच्या मागे रांगेत चालून, चहा-बिस्किट खाऊन परत येऊ नका. सातपूरच्या कारखान्यांत पातळ थरांचं काम रोज चालतं. फिल्म कपॅसिटरमध्येही प्लॅस्टिकच्या फिल्मवर धातूचा अतिशय पातळ थर निर्वात जागेत चढवलेला असतो. थर किती जाड, तो मोजतात कसा, चुकला तर काय होतं, हे विचारा. कपॅसिटरच्या थराबद्दल जो प्रश्न, तोच इलेक्ट्रोडच्या थराबद्दल. म्हणजे कपॅसिटर आणि लाट यांच्यातलं अंतर आपल्याला वाटतं तेवढं नाही.

आपल्या सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. इलेक्टिव्हमध्ये एक युनिट, निदान चार लेक्चर ध्वनिलाटेच्या फिल्टरवर घ्या. परीक्षेत येणार नसलं तरी चालेल. खरं तर परीक्षेत येणार नाही म्हणूनच ते लक्षात राहील.

जाड इलेक्ट्रोडची गोष्ट मला आवडते ती यासाठी की त्यात कोणी नवा पदार्थ शोधला नाही. तांबं होतंच, स्फटिक होताच, लव्ह साहेबांचं गणितही 1911 पासून पुस्तकात होतं. पुस्तकाने जे "दुर्लक्ष करण्यासारखं" म्हणून सोडलं होतं, तेच कोणीतरी पुन्हा हिशेबात घेतलं. हे करायला म्युनिकला जन्म घ्यावा लागत नाही. समीकरणाखाली "जाडी नगण्य मानली आहे" असं वाचल्यावर "का बरं?" एवढं विचारावं लागतं.

पाटी सातपूरला आहेच. लाट यायची की नाही ते आपल्या प्रश्नांवर ठरेल. बघा विचार करून.